घर आपलं वाटावं म्हणून: कुठून सुरुवात करायची, काय कोणत्या क्रमाने करायचं

काही घरांत सगळं नीटनेटकं असतं. सोफा नवा, पडदे सोफ्याला जुळणारे, भिंतीवर ओळीनं तीन सारख्या फ्रेम. खटकावं असं काही नसतं, पण इथे कोण राहतं, त्यांना कशाचा नाद आहे, संध्याकाळी ते कुठे बसतात, यातलं काहीच कळत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात सामान जुनं-नवं मिसळलेलं असतं, उशांचे अभ्रे एकमेकांना जुळत नाहीत, आणि तरी तिथे पाच मिनिटं बसलं की त्या माणसांची ओळख पटते.

हा फरक पैशामुळे पडत नाही आणि घर जुनं असल्यामुळेही पडत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याने १९४९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्वतःसाठी घर बांधलं, ते कारखान्यात तयार होणाऱ्या पोलादी सांगाड्याचं आणि तयार खिडक्यांचं. एखाद्या वर्कशॉपला शोभावा असा तो सांगाडा. पण आत पुस्तकं, गालिचे, बाहुल्या, शिंपले, झाडं यांची अशी दाटी होती, आणि प्रवासात सापडलेला वाळक्या झुडपाचा एक गोळा छताला असा टांगलेला होता, की ते घर दुसऱ्या कुणाचं असूच शकलं नसतं. दोघंही शेवटपर्यंत तिथेच राहिले.

माझं ठाम मत असं आहे की घराला व्यक्तिमत्त्व येतं ते तिथे राहणाऱ्यांच्या सवयी, कामं आणि आठवणी उघड दिसू दिल्यामुळे. आपण सजावट करायला घेतो तेव्हा नेमकं हेच आधी झाकतो. शिवणयंत्र कपाटाच्या मागे जातं, अर्धवट वाचलेली पुस्तकं पलंगाखाली जातात आणि त्यांच्या जागी दुकानातली शोभेची वस्तू येते. म्हणून खाली दिलेल्या क्रमात खरेदीला वेगळी पायरीच ठेवलेली नाही. जे लागेल ते त्या त्या टप्प्यावर आपोआप कळतं.

पहिली पायरी: दोन-तीन आठवडे नुसतं बघा

नव्या घरात आला असाल किंवा जुन्याच घराला हात घालणार असाल, तरी लगेच काही हलवू नका. एका कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढा आणि त्यावर नोंदी करत जा. किल्ल्या खरोखर कुठे टाकल्या जातात? फोन कुठे चार्ज होतो? घरातली माणसं गप्पा मारायला कुठे थांबतात? सकाळी ऊन कोणत्या खिडकीतून येतं आणि कुठवर पोचतं? कोणत्या खुर्चीत कुणीच बसत नाही?

घरात जिथे जिथे ढीग साठतो, तिथे तो ढीग तुम्हाला काहीतरी सांगत असतो. बेडरूममधल्या खुर्चीवर साठणारे कपडे घ्या. ते धुवायचे नसतात, पण कपाटात ठेवण्याइतके स्वच्छही नसतात. अशा कपड्यांना घरात अधिकृत जागा नसते, म्हणून ते खुर्चीवर जातात. खुर्ची रोज रिकामी करून हा प्रश्न सुटत नाही. त्याच भिंतीवर खांद्याच्या जरा वर, साधारण १६० ते १७० सेंटिमीटर उंचीवर, लाकडी फळीला चार मजबूत हुक लावले की सुटतो. ती फळी, तिच्यावरचा रोजचा शर्ट, झोळी, ओढणी हे सगळं मिळून खोलीत एक जिवंत कोपरा तयार होतो, आणि खुर्ची पुन्हा बसायला मोकळी होते.

हेच तत्त्व सगळीकडे लावा. दारात चपलांचा पसारा होत असेल तर बसून चपला घालता येईल असं बाकडं आणि त्याखाली कप्पा. जेवणाच्या टेबलावर कागदपत्रं साठत असतील तर त्याच टेबलाच्या हाताशी एक उघडी टोपली. सवय बदलायला जाऊ नका, सवय जिथे आहे तिथे तिची सोय करा. घर वावरतं वाटण्याचं निम्मं काम इथेच होतं, आणि हे काम कोणत्याही कॅटलॉगमधून उचलता येत नाही, कारण तुमच्या सवयी त्यात नसतात.

दुसरी पायरी: काय ठेवायचं, काय काढायचं

घरातली प्रत्येक वस्तू तीनपैकी एका कारणाने तिथे असते: ती वापरात आहे, ती मनापासून आवडते, किंवा ती ‘असावी लागते’ म्हणून आहे. तिसऱ्या प्रकारातल्या वस्तू काढायला घ्या. कुणीतरी दिलेली पण कधीच न आवडलेली भेट, सेटमध्ये आलेला जादाचा स्टूल, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली आणि पाहुण्यांनाही अवघडवणारी खुर्ची. मन होत नसेल तर त्या खोक्यात भरा, खोक्यावर तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी बघा. ज्याची आठवणही झाली नाही ते देऊन टाकायला जड जात नाही.

मात्र इथे हात आवरता घ्या. घर रिकामं करण्याची एक नशा असते, आणि तिच्या भरात लोक आवडत्या वस्तूही काढून टाकतात. पुस्तकं, वाद्यं, हत्यारं, रंगाचे डबे, लोकरीचे गुंडे ही अडगळ नाही. त्यातून तुम्ही कोण आहात ते कळतं.

तिसरी पायरी: उजेड

एकच गोष्ट बदलायची तर उजेड बदला, असं मी कुणालाही सांगेन. छताच्या मधोमध एकच पांढराशुभ्र दिवा असला की खोलीतली प्रत्येक वस्तू सपाट दिसते, माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि खोली प्रतीक्षागृहासारखी भासते. छतावरचा दिवा राहू द्या, तो झाडलोट करताना किंवा हरवलेलं शोधताना लागतो. पण संध्याकाळचं बसणं-उठणं लहान दिव्यांच्या उजेडात होऊ द्या. मध्यम आकाराच्या खोलीत तीन ठिकाणी दिवे पुरतात: एक वाचायच्या खुर्चीशेजारी, एक बुटक्या कपाटावर किंवा टेबलावर, आणि एक कोपऱ्यात भिंतीवर उजेड टाकणारा. त्यांची उंची वेगवेगळी ठेवा.

दिवा निवडताना खोक्यावरचे दोन आकडे वाचा. पहिला केल्व्हिनचा. २७०० ते ३००० केल्व्हिनचा उजेड पिवळसर, ऊबदार असतो आणि बसण्या-झोपण्याच्या खोल्यांना तोच बरा. ४००० च्या आसपासचा उजेड स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि कामाच्या टेबलावर चालतो. ६५०० चा निळसर पांढरा उजेड संध्याकाळी घरात नको. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ९० किंवा त्याहून जास्त असावा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाकूड राखाडी दिसतं, चेहरे आजारी दिसतात आणि महागडा रंगही फुकट जातो. एकाच खोलीत पिवळे आणि निळसर दिवे मिसळू नका.

खुर्चीशेजारच्या दिव्याची उंचीही बघा. तुम्ही बसलात की शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी, म्हणजे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटर. कड याच्या वर गेली तर बल्ब डोळ्यांत जातो. उजेड कमी-जास्त करणारं बटण बसवणार असाल तर बल्बही त्यासाठी बनवलेला, म्हणजे डिमेबल, असायला हवा. नाहीतर तो मिणमिणतो आणि लवकर जातो.

दिवसाच्या उजेडासाठी आरसा कामाला येतो. खिडकीच्या लगतच्या, काटकोनातल्या भिंतीवर आरसा लावला की बाहेरचा उजेड खोलीत आत वळतो. लंडनमध्ये जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे. १८३३ मध्ये तिथल्या संसदेने खास कायदा करून ते जसंच्या तसं जपायची तजवीज केली. त्या घरातल्या नाश्त्याच्या लहानशा खोलीत छताला आणि भिंतींना छोटे फुगीर आरसे बसवलेले आहेत. खोली मुळात छोटीच, पण त्या आरशांमुळे तिच्यात उजेड सतत हलता राहतो.

चौथी पायरी: रंग

रंग निवडायची खरी पद्धत थोडी कष्टाची आहे, पण तिला पर्याय नाही. दुकानातल्या पत्त्याएवढ्या तुकड्यावरून काहीही ठरवू नका. साधारण अर्धा मीटर लांबीरुंदीच्या पुठ्ठ्याला निवडलेल्या रंगाचे दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी मोकळी सोडा आणि तो पुठ्ठा दोन-तीन दिवस खोलीत फिरवा: खिडकीशेजारी, खिडकीसमोर, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवे लावून बघा. एकच रंग या तीन वेळी तीन वेगळे रंग वाटू शकतात. म्हणून दिवे आधी, रंग नंतर. पूर्ण भिंतीवर गेल्यावर रंग तुकड्यावर दिसतो त्यापेक्षा गडद आणि तीव्र वाटतो, तेव्हा दोन छटांमध्ये अडला असाल तर फिकी घ्या.

भिंतीचा रंग भिंतीवरच राहत नाही, तो समोरच्या भिंतीवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवरही पडतो. लुईस बारागान या वास्तुविशारदाने मेक्सिको सिटीत १९४८ मध्ये स्वतःचं घर बांधलं, जे २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या जिन्यापाशी सोन्याच्या वर्खाचा एक फलक लावलेला आहे. वरून येणारं ऊन त्याच्यावर पडतं आणि सोनेरी होऊन आसपास पसरतं. घरगुती पातळीवर याचा अर्थ सरळ आहे: हिरव्या भिंतीसमोर बसवलेली बैठक सगळ्यांना फिकट दाखवील, पीच किंवा मातकट भिंतीसमोरची सगळ्यांना टवटवीत दाखवील.

धाडस करायचं तर लहान जागेत करा. दाराची आतली बाजू, पुस्तकांच्या कपाटाची पाठ, छोटा बोळ, कोनाडा. आवडता गडद रंग अशा ठिकाणी बिनधास्त द्या. नंतर कंटाळा आला तर एका दुपारी बदलता येतो.

पाचवी पायरी: सामान आणि त्याची जागा

सगळं सामान भिंतींना टेकवून मधे मैदान मोकळं ठेवायची सवय फार जुनी आहे. त्यामुळे माणसं एकमेकांपासून लांब बसतात आणि आवाज चढवून बोलतात. बैठक भिंतीपासून हातभर पुढे आणून बघा. समोरासमोरच्या बसण्याच्या जागांमध्ये दोन ते अडीच मीटर अंतर असलं की सहज आवाजात बोलता येतं. सोफा आणि समोरच्या टेबलात ४० ते ४५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे कप ठेवायला वाकावं लागत नाही आणि गुडघेही आपटत नाहीत. ये-जा करायची वाट ७५ ते ९० सेंटिमीटरची हवी. गालिचा घेत असाल तर निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील एवढा मोठा घ्या. खोलीच्या मधोमध तरंगणारा छोटा गालिचा सगळ्या सामानाला एकमेकांपासून तोडतो.

पूर्ण सेट विकत घेऊ नका. जुळणारा सोफा, जुळणाऱ्या खुर्च्या, जुळणारं टेबल एकदम घरात आलं की खोली त्या दुकानाची होते. वेगवेगळं सामान एकत्र नांदावं म्हणून त्यात एखादंच साम्य ठेवा: लाकडाचा रंग जवळपास सारखा, किंवा बैठकांची उंची सारखी, किंवा कापडात एक रंग पुन्हा पुन्हा येणारा. एवढा धागा पुरतो.

वापरलेलं सामान घेताना मात्र डोळस राहा. खण पूर्ण बाहेर काढून कोपरे बघा. फळ्या नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत की लाकडाचे दात एकमेकांत अडकवले आहेत? दुसरा प्रकार टिकाऊ. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजा पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड आत जिवंत आहे, ती वस्तू घरात आणू नका. गादीच्या सामानात शिवणींच्या आत बोट घालून ढेकणांचे काळे ठिपके आहेत का ते तपासा. खुर्ची डुगडुगते म्हणून सोडून देऊ नका, सुटलेला सांधा सुताराकडून पुन्हा चिकटवून घेता येतो. जुन्या रंगवलेल्या वस्तू कोरड्या घासू नका, त्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांसाठी विशेष घातक असते.

लाकूड उघडं करून त्याला तेल द्यायचं असेल तर जवसाचं तेल पातळ थरात लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग दुसरा हात द्या. तेल जास्त राहिलं तर पृष्ठभाग महिनोन्‌महिने चिकट राहतो. यात एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे, ती विसरू नका. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर हवेशी प्रक्रिया होऊन आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, आणि मगच फेका.

उंच कपाट किंवा पुस्तकांची मांडणी भिंतीला पट्टीने जखडून टाका. घरात लहान मूल असेल तर हे काम आजच करा.

सहावी पायरी: भिंतींवर काय आणि कसं

काय लावायचं, हा प्रश्न आधी सोडवू. छापील निसर्गचित्रापेक्षा तुमच्या आयुष्यातला कागदाचा चिटोरा जास्त बोलका असतो. जिथे राहिलात त्या गावाचा नकाशा, हाताने लिहिलेलं पत्र, मुलीने काढलेलं चित्र, आजीच्या साडीचा काठ, एखाद्या कामाचा कच्चा आराखडा. मेक्सिकोतल्या फ्रिडा कालोच्या निळ्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर लहान लहान मातीच्या भांड्यांनी तिचं आणि दिएगो रिव्हेराचं नाव लिहिलेलं आहे. दोघंही जगप्रसिद्ध चित्रकार, पण त्या भिंतीवर त्यांनी स्वतःची नावं लावली, तीही स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी.

जुने फोटो लावताना मूळ प्रत फ्रेम करू नका. स्कॅन करून चांगल्या कागदावर छापा आणि मूळ फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी आम्लरहित कागदात ठेवा. उन्हातल्या अतिनील किरणांनी फोटोचा रंग उडतो, आणि गेलेला रंग परत येत नाही. फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट हवीच. काच थेट टेकली तर दमट हवेत फोटो तिला कायमचा चिकटतो.

आता लावायची पद्धत. सगळ्या फ्रेम जमिनीवर मांडा, सगळ्यात मोठी मधोमध नको, जरा बाजूला ठेवा आणि बाकीच्या तिच्याभोवती रचा. दोन फ्रेममधलं अंतर ५ ते ८ सेंटिमीटर आणि सगळीकडे सारखं ठेवा. रचना जमली की प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापा आणि ते कागद साध्या कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. एक दिवस तसेच राहू द्या, येता-जाता बघा. चित्राचा, किंवा समूह असेल तर समूहाचा, मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा. बहुतेक घरांत चित्रं यापेक्षा बरीच उंच टांगलेली असतात आणि बघायला मान वर करावी लागते. सोफ्याच्या वर लावत असाल तर सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत १५ ते २० सेंटिमीटर पुरे. त्याहून जास्त झालं की चित्र आणि सोफा यांचा एकमेकांशी संबंध तुटतो.

खिळ्याची जागा काढताना फ्रेमच्या मागची तार बोटाने मधोमध वर ताणून धरा आणि त्या टोकापासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. कागदावर वरच्या कडेपासून तेवढंच खाली मोजून खूण करा आणि कागदातूनच भोक पाडा. जड फ्रेमला दोन हुक लावा, म्हणजे ती वाकडी होत नाही. स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, विजेच्या तारा बहुधा त्याच रेषांत गेलेल्या असतात.

सातवी पायरी: वस्तूंची मांडणी

जिम ईड हा कलासंग्राहक १९५७ पासून केंब्रिजमध्ये चार छोट्या घरांचं एक घर करून राहिला. केटल्स यार्ड हे त्या घराचं नाव. रोज दुपारी तो घर विद्यार्थ्यांना बघायला उघडं ठेवायचा. तिथे एका थाळीत नेहमी एक ताजं लिंबू ठेवलेलं असतं, कारण जवळच्या होआन मिरोच्या चित्रात पिवळा ठिपका आहे आणि लिंबू त्या ठिपक्याला साद घालतं. लिंबू सुकलं की नवं ठेवतात. दुसऱ्या एका टेबलावर गोल गोट्यांचं मोठ्यापासून लहानापर्यंत चक्राकार वळण मांडलेलं आहे. एका बाजूला नामवंत चित्रकाराचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला फुकट मिळणारे दगड, पण मांडताना दोन्हीकडे सारख्याच आदराने बघितलेलं आहे.

तुमच्या घरातल्या फळीवर हे असं करून बघा. फळी पूर्ण रिकामी करा. तीन ते पाच वस्तू घ्या, ज्यांत रंगाचं, आकाराचं किंवा आठवणीचं काही नातं आहे. एक उंच, एक बुटकी, एक आडवी. त्या जवळजवळ ठेवा आणि बाजूला खरंच मोकळी जागा सोडा. सारख्या अंतरावर ओळीने ठेवलेल्या वस्तू दुकानातल्या मालासारख्या दिसतात, एकमेकींना टेकलेल्या वस्तूंमध्ये बोलणं सुरू होतं. संग्रह करायचा असेल तर ज्याला पैसे पडत नाहीत किंवा फार थोडे पडतात असं काही निवडा: वेगवेगळ्या किनाऱ्यांवरची वाळू, जुनी कुलपं, बिया, गंजलेल्या किल्ल्या. एकट्यादुकट्या वस्तूला जे वजन नसतं ते पंधरा-वीस एकत्र आल्या की येतं, म्हणून त्या घरभर विखरू नका, एकाच ठिकाणी ठेवा. आणि मधूनमधून मांडणी बदला. एकाच जागी वर्षभर राहिलेली वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते.

झीज कुठली ठेवायची, कुठली नाही

पितळेवर हात लागून लागून येणारी तपकिरी झाक, चामड्याच्या खुर्चीच्या हातांवरची चकाकी, टेबलावरचा कपाचा वर्तुळ डाग, ही सगळी घरात माणसं वावरल्याची चिन्हं आहेत आणि ती पुसून काढायची मला तरी घाई वाटत नाही. पण झाक येते ती खऱ्या सामग्रीवर. पितळेवर लाखेचा पारदर्शक थर असेल तर ते काळवंडत नाही, थर उडाला की चट्टे पडतात. लाकडासारखा छापील कागद चिकटवलेला बोर्ड झिजत नाही, फुगतो आणि सोलतो. म्हणून जिथे रोज हात लागतो त्या चार-दोन जागी, म्हणजे दाराची मूठ, खणांच्या मुठी, टेबलाचा माथा, खरं लाकूड किंवा खरा धातू वापरा आणि काटकसर दुसरीकडे करा. नुसत्या मुठी बदलल्या तरी जुनं कपाट हाताला वेगळं लागतं.

गळणारा नळ, ओल आलेली भिंत, सैल सॉकेट, नीट न लागणारी कडी ही मात्र झीज नव्हे. ही दुरुस्ती लांबली की राहणाऱ्यांना रोज चिडचिड होते, आणि त्या चिडचिडीवर कुठल्याही सजावटीने उतारा पडत नाही. सगळ्या पायऱ्यांच्या आधी अशा गोष्टींची यादी करा आणि ती संपवा.

खोलीत आवाज घुमत असेल तर कितीही सजवली तरी ती रिकामीच वाटते. टाळी वाजवून बघा. घुमला तर जाड पडदे, गालिचा, भिंतीवर टांगलेलं कापड किंवा भरलेलं पुस्तकांचं कपाट यांपैकी काहीतरी हवं. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीच्या १०-१५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच किंवा थोडा जास्त बाहेर घ्या, आणि कापड दांड्याच्या लांबीच्या दुप्पट घ्या, नाहीतर बंद केल्यावर पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो.

‘आपलं’ म्हणजे कुणाकुणाचं

घर सजवणारी व्यक्ती बहुधा एकच असते आणि राहणारी चार. मग घर सुंदर होतं, पण बाकीचे त्यात पाहुण्यासारखे वावरतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला एक जागा पूर्णपणे सोपवायची. नवऱ्याचं हत्यारांचं कपाट, आईची खिडकीतली खुर्ची, मुलाची भिंत. त्या जागेत काय ठेवायचं ते फक्त त्यांनी ठरवायचं, आणि तुम्हाला आवडलं नाही तरी हात लावायचा नाही. मुलांसाठीची भिंत मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असू द्या. तिथे कॉर्कचा तक्ता किंवा नुसती ताणलेली दोरी आणि चिमटे लावा, म्हणजे ती स्वतःच चित्रं बदलत राहतील. सामाईक खोलीबाबत मतभेद झाले तर प्रत्येकाने एक वस्तू ‘हवीच’ आणि एक ‘नकोच’ सांगावी. बहुतेक भांडणं एवढ्यात मिटतात.

भाड्याच्या घरात

घर स्वतःचं नाही म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरतं राहणारी माणसं मी बघते, तेव्हा फार वाईट वाटतं. आयुष्य तर तिथेही पूर्ण वेळ चालू असतं. दिवे, गालिचा, पडदे, पुस्तकं, मुठी, झाडं हे सगळं बरोबर नेता येतं. मूळ मुठी आणि स्क्रू पिशवीत घालून, कुठल्या कपाटाचे ते लिहून ठेवा आणि जाताना परत बसवा. भोकं पाडायची परवानगी नसेल तर मोठी चित्रं कपाटावर किंवा जमिनीवरच भिंतीला टेकवा, दिसतात छान. चिकटणारे हुक वापरणार असाल तर पाकिटावरची वजनाची मर्यादा पाळा, लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसा, आणि काढताना पट्टी भिंतीच्या समांतर हळूहळू खाली ओढा, म्हणजे रंग निघत नाही.

मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने नोंदवायची असेल, तर चौकटीऐवजी एक लांब लाकडी पट्टी घ्या आणि तिच्यावर नोंदवा. ती दोन स्क्रूंनी लावा, म्हणजे घर सोडताना काढून नेता येईल. आणि पट्टीचं खालचं टोक जमिनीपासून किती उंचीवर होतं तो आकडा तिच्या पाठीवर लिहून ठेवा, नाहीतर नव्या घरात सगळी मापं चुकतील.